पथ्य सांगणारी माणसे आपल्यातून यावीत

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. मुलगी विज्ञान शाखेची असेल तर नर्सिंग, मुलगा असेल तर आयटीआय नाहीतर डिप्लोमा, आणि गुण भरघोस पडले असतील तर डॉक्टर किंवा इंजिनियर. याखेरीज दुसरी वाट कोणी सुचवत नाही, कारण ती कोणाला ठाऊकच नसते. नर्सिंगने आपल्या समाजातील कितीतरी घरे वर काढली, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली, गहाण पडलेली शेते सोडवली. त्या पेशाला कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण ज्या वॉर्डात नर्स औषधांचा ट्रे घेऊन फिरते, त्याच वॉर्डात आणखी एक व्यक्ती वही घेऊन फिरत असते. काल रात्री जेवण गेले का, किती गेले, दात आहेत का, गिळताना ठसका लागतो का, घरी स्वयंपाक कोण करते, असले प्रश्न ती विचारते. रोग्याला वाटते, ही बाई उगीच चौकशा करते आहे. ती आहारतज्ज्ञ, म्हणजे डायेटिशियन. या पेशाची नीट माहिती शेतकरी कुटुंबांना व्हावी म्हणून हा लेख.

नुसते "हे खाऊ नका" म्हणजे पथ्य नव्हे

पथ्य ही काही नवी गोष्ट नाही. बाळंतिणीला काय द्यावे, तापात काय द्यावे, कावीळ झाली तर काय टाळावे, हे आपल्या आज्या सांगत आल्या. त्यातले बरेच उपयोगाचे होते, काही निरुपयोगी होते आणि थोडे घातकही होते. आज मात्र आजारांची जात बदलली आहे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, कर्करोग यांच्या पथ्याला आजीचा अनुभव पुरत नाही, आणि शेजाऱ्याचा तर मुळीच पुरत नाही.

एक उदाहरण घ्या. बाजारात "कमी सोडियमचे" म्हणून एक मीठ मिळते. रक्तदाबाला चांगले असे ऐकून लोक ते घरी आणतात. त्या मिठात सोडियमचा काही भाग कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. ज्याची मूत्रपिंडे धड आहेत त्याला त्याचा लाभ होऊ शकतो. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत त्याच्या शरीरातून पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही. ते रक्तात साठते, आणि फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. मायेने नेलेल्या त्या शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असते. अशा रोग्याला पालेभाजी द्यायचीच तर ती चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून टाकून द्यावी लागते. एरवी आपण बायकांना सांगतो की भाजीचे पाणी फेकू नका. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणाला कोणती सांगायची हे ओळखणे, हीच त्या विद्येची कसोटी.

याच रोग्याचे पुढे आणखी एक वळण येते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ, अंडी, मासे यांचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते. डायलिसिस सुरू झाले की उलट प्रथिने वाढवावी लागतात, कारण त्या क्रियेत शरीरातील प्रथिनांची झीज होते. ज्या घरी हे कोणी समजावून सांगितलेले नसते तेथे माणूस डायलिसिसवर जाऊनही जुन्याच पथ्याने भात आणि पातळ आमटीवर राहतो व दिवसेंदिवस सुकत जातो. घरचे म्हणतात, आजारच तसा आहे.

लहान मुलांचेही असेच. अतिकुपोषित बालकांसाठी सरकारने पोषण पुनर्वसन केंद्रे चालवली आहेत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पाच वर्षांखालचे मूल अतिकुपोषित समजतात, आणि त्याला दुसरा आजार जडलेला असेल किंवा भूकच लागत नसेल तर केंद्रात ठेवून घेतात. तेथे आलेल्या आईला वाटते, मूल उपाशी आहे तर पोटभर घालावे. पण फार दिवस उपासमार झालेल्या शरीरावर एकदम अन्नाचा भार टाकला तर हृदयच कोलमडते. म्हणून आधी 100 मिलिलिटरला 75 कॅलरी देणारे सौम्य दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजतात. मूल सावरले, भूक परतली, की मगच 100 कॅलरीचे दूध सुरू करतात. दूध, साखर, तेल हेच त्यातले मुख्य जिन्नस; परंतु माप चुकले तर तेच अन्न जीव घेते. डॉक्टर औषधाचा डोस मोजतो, तसा हा अन्नाचा डोस मोजण्याचा धंदा आहे.

कपाटाला चिकटवलेला कागद

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना मला अनेक घरांत कपाटाच्या दाराला चिकटवलेला एक कागद दिसतो. तो "डाएट चार्ट." एका घरी तो काढून वाचला. मोठ्या शहरातील रुग्णालयाने दिलेला, इंग्रजीत छापलेला. सकाळी ओट्स, अकरा वाजता ग्रीन टी, दुपारी ब्राऊन राईस व ब्रोकोली, रात्री सूप आणि ग्रिल्ड फिश. घरची म्हातारी साठ वर्षांची, मधुमेहाची रोगी, जन्मभर भाताच्या खाचरात राबलेली. तिला त्यातले एवढेच कळले होते की आपले सगळे जेवण वाईट. म्हणून तिने जोंधळ्याची भाकरी सोडली होती, आणि भूक लागली की चहाबरोबर चार-पाच टोस्ट खात होती. टोस्ट "आजाऱ्याचे खाणे" म्हणून तिला निर्धोक वाटत होते. रक्तातील साखर खाली यायचे नाव घेईना, म्हणून घरचे औषधाला दोष देत होते.

तो कागद लिहिणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला साखर, कॅलरी, तंतू सगळे ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती आपली चूल. जोंधळ्याची भाकरी बंद करण्याचे काहीच कारण नव्हते. दोनाऐवजी दीड, सोबत डाळ आणि भाजी दुप्पट, चहात साखर नाही, टोस्ट-बिस्किट बंद, एवढ्यानेही त्या बाईचे पुष्कळ काम झाले असते. हे सांगायला भाकरी किती जाड थापतात हे पाहिलेले असावे लागते. आमच्या भागातली पातळ कडक भाकरी वेगळी आणि कोकणपट्टीतली तांदळाची जाड भाकरी वेगळी. "एक भाकरी" असे वहीत लिहिले तर त्यात पीठ किती धरायचे? न्याहरी किती वाजता होते, दुपारचे जेवण बांधावर खातात की घरी येऊन, सुगीच्या दिवसांत श्रम किती वाढतात, पावसाळ्यात हाताला काम नसले की किती घटतात, सणाला काय शिजते, पेज कधी पितात, हे ज्याला विचारावे लागत नाही त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

ही गोष्ट एकट्या म्हातारीची नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण निघाले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, प्रौढांमध्ये शंभरी 26.4. म्हणजे चार माणसांत एक. आपल्यापैकी कितीकांचे सोयरे तिकडेच आहेत. दुसऱ्या टोकाला रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरांत 57 स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. एकाच घरात सासूला साखर आणि सुनेला रक्त कमी, आणि दोघींचे जेवण एकाच भांड्यात शिजते. त्या घराला सल्ला देणारा माणूस त्या घराची भाषा बोलणारा हवा.

(ओघात एक गोष्ट सांगून टाकतो. राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपवास आजाऱ्याला लागू नाही, आणि साठीत पाऊल ठेवलेल्यालाही नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने उपाशी राहून चर्चमध्ये चक्कर येऊन पडण्यात पुण्य नाही. तरी दरवर्षी कोणीतरी पडतेच.)

ही विद्या आपल्याकडे कशी रुजली

अन्नाचे शास्त्र आपल्या देशात उपरे नाही. 1918 साली दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्यासाठी एका खोलीत काम सुरू केले. पुढे त्याने उंदरांचे वेगवेगळे गट करून त्यांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे जेवण घातले: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. गहू, दूध, डाळ, भाजी खाणारे शीख जेवणाचे उंदीर सर्वांत चांगले वाढले. मराठा जेवणाचा क्रमांक तिसरा लागला. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर राहिलेले शेवटी राहिले. तीच संस्था 1958 साली हैदराबादला आली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तिने 2017 साली देशभरातून नमुने गोळा करून 528 अन्नपदार्थांचे पृथक्करण छापले. त्यात आपल्या नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 364 मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. ज्या नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून नाके मुरडली, ती शहरात आता डब्यात भरून महाग विकली जाते. असो.

शिक्षणाच्या बाजूने वडोदऱ्याचे नाव घ्यावे लागेल. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, आणि तेथे गृहविज्ञानाची शाखा अगदी आरंभीच्या काळात सुरू झाली. गृहविज्ञान म्हणजे मुलींना लाडू वळायला शिकवणे, असे त्या काळी कित्येक जण म्हणत. आजही म्हणतात. या लोकांना जीवरसायनशास्त्राचा एक पेपर सोडवायला द्यावा.

अन्न हे औषधाइतके काम करते याचा अलीकडचा दाखला झारखंडचा. तेथे चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. रोग्याला सर्वत्र शिधा दिला. त्याशिवाय निम्म्या भागांत घरातील इतर माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. जेथे घरच्यांना शिधा मिळाला तेथे त्यांना क्षय जडण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी भरले, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे तर 48 टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ! यात परदेशी पावडर नाही, महागडे टॉनिक नाही. क्षयरोग्यांना सरकार पोषणासाठी जे पैसे देते ते 2024 च्या नोव्हेंबरपासून महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाले. पण त्या हजार रुपयांत काय घ्यावे हे घराघरांत बसून सांगणारी माणसे कोठे आहेत?

वाट कशी आहे

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येऊ. हे थोडे बारकाईने वाचावे, कारण येथेच पालक फसतात.

दहावीनंतर विज्ञान शाखा, आणि त्यात जीवशास्त्र, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. काही गृहविज्ञान महाविद्यालये इतर शाखांच्या मुलींनाही घेतात, पण पुढे अडचण नको असेल तर जीवशास्त्र सोडू नये. बारावीनंतर पदवी: अन्नशास्त्र व पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञान. तीन किंवा चार वर्षे. त्यात शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायन, रोगांतील आहार, लोकांचे पोषण, मोठ्या स्वयंपाकघराची व्यवस्था असे विषय असतात. त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. मग रुग्णालयात सहा महिन्यांची उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप. एकूण बारावीनंतर साडेपाच ते साडेसहा वर्षे धरून चालावे.

एवढे झाल्यावर "नोंदणीकृत" या शब्दाचा प्रश्न येतो. आपल्या देशात याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

पहिला अर्थ आर.डी., म्हणजे रजिस्टर्ड डायेटिशियन. इंडियन डायेटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची संघटना 1963 पासून काम करते. तिचे नोंदणी मंडळ ही परीक्षा घेते. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील उमेदवारी पुरी केलेल्यालाच परीक्षेला बसता येते. परीक्षा इंग्रजीत असते. नावापुढे आर.डी. लागले की चांगल्या रुग्णालयात त्याला मान असतो. परंतु हा शिक्का संघटनेचा आहे, सरकारचा नव्हे.

दुसरा अर्थ कायद्याचा. 2021 पर्यंत आपल्या देशात कोणीही उठून पाटी लावावी आणि स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवावे, अशी स्थिती होती. डॉक्टरला परिषद होती, नर्सला परिषद होती, यांना नव्हती. 2021 साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांची नावे आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान 3600 तासांची पदवी त्या कायद्याने ठरवली, आणि राज्यांनी परिषद नेमून नोंदवही ठेवावी असे सांगितले. 2025 मध्ये केंद्र सरकारने पोषण व आहारशास्त्रासह दहा व्यवसायांचे नमुना अभ्यासक्रमही जाहीर केले. म्हणून यापुढे प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊन दोन प्रश्न तोंडावर विचारावेत: "येथील शिक्षण झाल्यावर आर.डी. परीक्षेला बसता येते काय?" आणि "हा अभ्यासक्रम आयोगाच्या नियमांत बसतो काय?" उत्तर लेखी मागावे. कारकून चिडला तरी चालेल.

मोबाईलवर सहा आठवड्यांत, तीन महिन्यांत "प्रमाणित पोषणतज्ज्ञ" करून देणाऱ्या जाहिराती येतात. फी वीस-पंचवीस हजारही असते. ज्ञान म्हणून कोणी काही शिकले तर हरकत नाही. पण त्या कागदावर रुग्णालयात नोकरी मिळत नाही आणि आर.डी. परीक्षेला बसता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे गावोगाव "वेलनेस" केंद्रे काढून वजन करून देणारे आणि पावडरीचे डबे खपवणारे. मुलांना त्यात एजंट म्हणून ओढतात, आधी स्वतः डबे विकत घ्यायला लावतात, आणि शेवटी ते डबे माळ्यावर राहतात. जो सल्ला देणारा त्याच खोलीत मालही विकतो, त्याचा सल्ला कोणत्या बाजूला झुकणार हे शेतकऱ्याला सांगायला नको. कीटकनाशकांच्या दुकानांचा अनुभव आपल्याला आहेच.

पैशाचेही स्पष्ट बोललेले बरे. शिक्षण लांबचे आणि खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार बेताचाच. सरकारी जागा थोड्या. दोन वर्षांत कर्ज फिटेल या हिशेबाने कोणी जमीन विकू नये. अनुभव आणि आर.डी. जमा झाल्यावर मात्र वाटा फुटतात. डायलिसिस केंद्रे, कर्करोग रुग्णालये, पोषण पुनर्वसन केंद्रे, वसतिगृहांची व कारखान्यांची स्वयंपाकघरे, महाविद्यालयांत शिकवणे, संशोधन, स्वतःचा दवाखाना. परदेशाची ओढ असणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे की तिकडे आपली पदवी तशीच चालत नाही. ब्रिटनमध्ये डायेटिशियन ही पदवी कायद्याने राखीव आहे आणि तेथील परिषदेत नाव घातल्याखेरीज ती लावता येत नाही. अमेरिकेत 2024 पासून एम.एस्सी.च्या तोडीची पदवी असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. दुबईत स्थानिक आरोग्य खात्याचा परवाना लागतो. तेव्हा बी.एस्सी. करून पुढे पाहू, हा बेत तिकडेही लंगडा पडतो.

हे काम मुलींचेच, अशी समजूत आहे. तसे काही नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शेकडो माणसांचे निरनिराळे जेवण वेळेवर निघते, त्यात मीठ नसलेले, साखर नसलेले, नळीवाटे द्यायचे पातळ, सारे वेगळे. एका ट्रेची चिठ्ठी बदलली तर अनर्थ. तेथे भल्या पहाटे उभे राहून कामगारांकडून काम करून घ्यावे लागते. ज्या मुलाने ऊसतोडणीच्या टोळीकडून काम करून घेतले आहे त्याला ते जड जाऊ नये.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक खास दार

महाविद्यालये म्हटली की लोकांना पुणे-मुंबईच आठवते. पण कृषी विद्यापीठांतही या विद्येची महाविद्यालये आहेत, आणि आपल्यातील फार थोड्यांना हे माहीत आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठात आहे, परभणीला आहे, हैदराबादला आहे. पूर्वी त्यांना गृहविज्ञान महाविद्यालय म्हणत, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. पदवी चार वर्षांची. बेळगावकडून धारवाडला आगगाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, म्हणजे चौकशीला तरी अडचण नाही. गोव्याच्या मंडळींना पणजीत गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. तेथेही वरचे दोन प्रश्न विचारायला विसरू नये, आणि सामुदायिक विज्ञानाची पदवी घेतली तर एम.एस्सी. पोषणातच करावी, कपडेशास्त्राकडे वळून मग आहारतज्ज्ञ होता येत नाही.

कर्नाटकात कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी शेतजमिनीचा उतारा, आईबापांचा शेतीवर निर्वाह असल्याचा तहसील कचेरीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या शाळेचे दाखले असे कागद लागतात. जमीन अजून आजोबांच्या नावावर आणि वाटणी झालेली नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. त्यामुळे दाखला अडतो, आणि निकालानंतर पंधरा दिवसांत तो निघत नाही. अकरावीत असतानाच कागदांना हात घालावा. अर्जाच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या चुकल्या की वर्ष गेले.

या राखीव जागांसाठी मुलांची एक प्रात्यक्षिक परीक्षाही घेतात. टेबलावर बी-बियाणे, रोपे, अवजारे मांडलेली असतात आणि मुलाने ती ओळखून दाखवायची असतात. उतारा बापाच्या नावावर आहे पण पोर कधी बांधावर गेलेले नाही, असे असेल तर ते तेथे उघडे पडते. तेव्हा ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी येत्या पेरणीला शिकवणीचा एक रविवार बुडवून त्यांना बरोबर न्यावे. नाचणी आणि वरी, तूर आणि उडीद, ही दाणे हातात घेऊन ओळखता आली पाहिजेत.